मोजणीत न मावलेल्या दोघी

९ फेब्रुवारी

प्रिय घुमे,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. मागच्या वेळी आपण फोनवर बोलत होतो आणि आई आतल्या खोलीतून ओरडून दोघींच्याही प्रश्नांची उत्तरं देत होती, तेव्हाच ठरवलं की काही महत्त्वाचं असेल तर लिहायचं. शिवाय फोनवर तू गप्प बसतेस, मग मी दोघींच्या वाटचं बोलते आणि शेवटी फोन ठेवल्यावर मला वाटतं, आपलं भांडण झालं की काय.

तर ऐक. परवा मी प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या लावत होते, तेवढ्यात शिपाई येऊन म्हणाला, "बाई, विद्यापीठातून कुणीतरी आलंय. तुमच्या लहानपणाची चौकशी करताहेत." मला हसूच आलं. पण खरंच एक बाई आल्या होत्या. बारीक अंगाच्या, मोठी पिशवी, पिशवीत वजनकाटा! त्यांनी माझं वजन केलं, रक्तदाब घेतला, चित्रं दाखवून कोडी घातली, किती शिकलीस, पगार वेळेवर येतो का, नवऱ्याशी पटतं का, लेकाला गोष्टी सांगतेस का, सगळं विचारलं. मी त्यांचं नाव ठेवलंय मोजणीबाई.

आपल्या जुन्या गल्लीतली बालवाडी आठवते ना? म्हणजे मला आठवते, तुला कुठून आठवणार. ती सुरू झाली तेव्हा पोरं जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या काढल्या होत्या. ज्यांची निघाली ती आत, बाकीची घरी. पण नावं दोघांचीही लिहून ठेवली होती, मोठेपणी काय फरक पडतो ते बघायला. आपण चौथी-पाचवीत असताना कुणी येऊन ठोकळे जुळवायला दिले होते, ते त्यासाठीच. आता या बाई सगळ्यांना पुन्हा शोधत फिरताहेत. म्हणाल्या, बालवाडीत गेलेली मुलं जास्त शिकली, कमी आजारी पडली, कामात टिकली. इतकंच नाही, त्यांच्या मुलांचंही बरं चाललंय. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लावलेलं चाळिशीत फळ देतं म्हणे.

आणि गंमत ऐक. आपण दोघी त्यांच्या सगळ्यात लाडक्या! जुळ्या, एकच घर, एकच आई, एक बालवाडीत गेली, एक नाही. त्या प्रत्येक भाषणात आपलं उदाहरण देतात. नाव घेत नाहीत, नुसतं 'पहिली' आणि 'दुसरी'. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं. नगरपालिका ती बालवाडी बंद करून तिथं गाड्या उभ्या करायची जागा करणार आहे, त्या सभेतही बाई आपलंच उदाहरण देणार आहेत. म्हणजे बालवाडी वाचली तर आपल्यामुळे!

त्या तुझ्याकडेही येतील. घाबरू नकोस. खरं ते सांग. आईला नमस्कार.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. आईचा गुडघा बरा आहे.

कारखान्यात सध्या शाळेच्या मुलांचे चष्मे खूप आलेत. एका पोराची काच घासायला घेतली होती, तेव्हा तुझं पत्र दुपारच्या चहाबरोबर वाचलं. नंतर काच लावली ती उलट्या डोळ्याची लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तर मी 'दुसरी' आहे. बरं झालं कळलं. लोकांच्या सभेत बाई सांगतात, ही बघा गेली तर प्रयोगशाळेत अधिकारी झाली आणि ती बघा नाही गेली तर सोळाव्या वर्षी शाळा सुटली. आणि लोक मान डोलावत असतील. तुला त्यात गंमत वाटली. तू गंमत वाटून घेण्याच्या बाजूला आहेस.

मी रागावलेली नाही. घरात सगळे तेच म्हणत आले. गणितात कमी मार्क पडले, बालवाडी झाली नाही ना हिची. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं नाही, बालवाडी झाली नाही ना. मीही तेच म्हणत आले.

एकच विचारायचंय. त्या बालवाडीच्या ताईंचं एक बोट अर्धं होतं ना? त्या बोटं मोजून दाखवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, 'साडेनऊ'. मग सगळी पोरं हसायची. हे मला कसं माहीत?

घुमी


१ मार्च

प्रिय घुमे,

किती लागट लिहितेस गं. मी सहज लिहिलं होतं. 'रागावलेली नाही' असं तू लिहिलंस की मला दोन दिवस जेवण जात नाही, माहीत आहे ना?

बोटाचं म्हणशील तर, मीच सांगितलं असणार. मी रोज घरी येऊन तुला सगळी बालवाडी करून दाखवायची, आई नेहमी सांगते की. ताई कशा चालतात, कुणी चड्डी ओली केली, सगळं. तू टुकूटुकू बघत बसायचीस. लहान मुलांना दुसऱ्यानं सांगितलेलं आपलंच वाटतं. मोजणीबाईसुद्धा म्हणाल्या, आठवणींवर फार विश्वास ठेवायचा नसतो.

मला बालवाडीतलं सगळं लख्ख आठवतं. निळं दार. आमच्या उंचीचे नळ. ताई प्रश्न विचारून थांबायच्या ते. मोठी माणसं प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, ताई थांबायच्या. हे मी लेकाला वाढवताना केलं. घाई झाली तरी थांबले.

भाऊजी कामाच्या गडबडीत आहेत का? त्यांना आणि आईला नमस्कार. आणि रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

भिंगरे,

तू म्हणतेस ते खरंही असेल. मी दहा दिवस तेच स्वतःला समजावलं. तू सांगितलंस, मी ऐकलं, माझं झालं. पण काही केल्या डोक्यात बसत नाही.

नळ आपल्या उंचीचे होते हे तू सांगितलं असशील. पण शेवटच्या नळाचं पाणी बाहीत शिरायचं आणि कोपरापर्यंत गार वाटायचं, हेही सांगितलंस? ताईंचं अर्धं बोट हातात धरलं की टोक मऊ लागायचं, नखच नाही, कानाच्या पाळीसारखं. हे सांगून कळतं का? मी रोज काचेच्या कडा बोटांनी तपासते, भिंगरे. बोटाला लागलेलं आणि कानावर पडलेलं यांतला फरक मला कळतो.

आणि आणखी एक. सांगू की नको असं झालंय. मला आठवतं, त्या मला भिंगरी म्हणायच्या. "भिंगरी आज फिरत नाही वाटतं," असं म्हणून जवळ बसवून घ्यायच्या. मी का म्हटलं नाही की मी भिंगरी नाही?

आईला विचारलं. ती डाळिंब सोलत होती. म्हणाली, "तुमच्या लहानपणी मला कुठं सवड होती, बुटांची खोकी चिकटवता चिकटवता बोटं चिकटायची." मग दाण्यांकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "टीव्हीचा आवाज वाढव." टीव्ही बंद होता.

तूच सांग. तुला ते मोठं खोकं आठवतं का? आई खोकी चिकटवायची त्या खोलीत खिडकीखाली एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं असायचं, मी त्यात बसायचे. दिवसा. ते माझं होतं. निदान मी तसं समजत होते.

घुमी


२० मार्च

घुमे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उभी होते, मग बसले.

खोकं मला आठवतं. त्यात बसलं की डिंकाचा वास यायचा. आई पुठ्ठा दुमडायची, डिंक लावायची, आणि मला विचारायची, "आता ह्या खोक्यात कोण राहायला येणार?" मी म्हणायची, राजा. आई म्हणायची, "राजाचे पाय केवढे?" मग मी सांगेपर्यंत थांबायची. बाहेर ऊन असायचं. आई माझ्याशी, एकटीशी, बोलत असायची. त्या आठवणीत तू नाहीस. मी नेहमी समजायची, तू झोपली असशील.

पण मी दिवसा घरी कशी? मी तर रोज बालवाडीत होते. तापात असेन? रविवार असेल? पण रविवारी बाबा घरी असायचे, आणि या आठवणीत बाबा नाहीत. मी काल ऑफिसातून येताना बसमध्ये हाच विचार करत होते आणि माझा थांबा मागे गेला.

मला आता काहीच नक्की वाटत नाही. निळं दार तरी निळं होतं का? आपण दोघी मिळून वेड्या होतोय असं वाटतं.

आईला नीट विचार. दाणे नाही, टीव्ही नाही. तिच्यासमोर बस आणि ती सांगेपर्यंत उठू नकोस. एकदा तरी घुमी होऊ नकोस, माझ्यासाठी.

तुझी,
भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

विचारलं. तू बसली असशील तर वाच.

सकाळी आई चहा घेत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, बालवाडीत कोण जायचं?"

"भिंगरी."

"रोज?"

आईनं कप खाली ठेवला. म्हणाली, "जागा रोज भरलेली असायची."

मी थांबले. तुझ्या ताई थांबायच्या तशी. मग आईच म्हणाली, "एक दिवस ती, एक दिवस तू. त्यात एवढं काय?"

 आणि मग आई सुटलीच. म्हणाली, चिठ्ठी भिंगरीची निघाली तेव्हा सगळ्या बाया म्हणाल्या, नशीबवान आहेस. "मी घरी येऊन तुमच्याकडे बघत बसले. दोघी एकाच पांघरुणात झोपल्या होत्या. म्हटलं, एकीला उठवून न्यायचं आणि एकीला ठेवायचं, हे रोज सकाळी कोण करणार? पहिला आठवडा केलं. तू दाराशी उभी राहून रडायचीस. दुसऱ्या आठवड्यात भिंगरीचं झबलं तुला घातलं आणि नेऊन सोडलं."

मी म्हटलं, "आणि कुणाला कळलं नाही?"

"ताईंना पहिल्याच दिवशी कळलं. दार उघडून तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, 'भिंगरी आज शांत आहे. ये बाळा.' त्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते कायमचं. आता तर त्याही गेल्या."

"बाबांना?"

"ते अंधारात जायचे, अंधारात यायचे. त्यांना तुमची नावंसुद्धा आवाजावरून कळायची."

मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? इतकी वर्षं सगळे म्हणत होते, हिची बालवाडी झाली नाही, तेव्हा तू का गप्प बसलीस? तर आई म्हणते, "आधी वाटलं, पोरी बोलून जातील आणि जागा जाईल. मग तुम्ही मोठ्या झालात. लोक बोलायला लागले तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील बाई खोटारडी. आणि मग, खरं सांगू का, माझ्या लक्षातच राहिलं नाही की हे कुणाला माहीत नाही."

आणि उरलेला चहा प्यायली, गार झालेला.

मी तिला सरळच विचारलं, की मग अदलाबदलीच्या भानगडीत तूच विसरलीस का, आमच्यातली कोण कोण ते? म्हणजे मी नक्की मीच ना? ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "लोकांना सारख्या दिसायचात. मला अंधारात पायांच्या आवाजावरूनसुद्धा कळायचं."

तेवढं एक तरी नक्की झालं. बाकी कशाचं काय करायचं कळत नाही.

घुमी


४ एप्रिल

घुमे,

मी दोन पत्रं लिहून फाडली.

आधी मला आईचा राग आला. मग तुझा. तुझा का, ते मला सांगता येत नाही. घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "छान की, दोघींनाही मिळालं." त्याचाही राग आला. तो म्हणतो ते बरोबर आहे आणि तरी मला माझं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं वाटतंय. चाळिशी उलटलेली बाई मी, निळ्या दारासाठी रडतेय!

तुला एक सांगते. मी तिकडे कमी येते, तू समजतेस मला वेळ नाही. वेळ असतो. तुझ्या घरी आले की तू माझ्या पुढ्यात ताट ठेवतेस आणि मला तुझ्या हातावरचे काचेचे ओरखडे दिसतात. मला वाटायचं, हिच्या वाटचं मी खाल्लं. चिठ्ठी माझी निघाली, त्यात माझा काय दोष, पण वाटायचं. म्हणून मी एका रात्रीच्या वर राहत नव्हते. आता कळतंय की मी काहीच खाल्लं नव्हतं. मग इतकी वर्षं मी कशाला तोंड चुकवत होते?

पण ते राहू दे. मुद्द्याचं बोलते. मोजणीबाईंना हे सांगू नकोस. सभा याच महिन्यात आहे. त्यांचं सगळं भाषण आपल्यावर उभं आहे. उद्या कळलं की पहिली आणि दुसरी दोघीही अर्ध्या-अर्ध्या होत्या, तर तिथले लोक म्हणतील, सगळंच थोतांड. बालवाडीला टाळं. तिथली आत्ताची पोरं रस्त्यावर. आपली आई खरं बोलली म्हणून?

त्या आल्या की कमीत कमी बोल. तुला ते जमतं.

तुझी,
भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरे,

तू सांगितलेलं मी केलं नाही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

मोजणीबाई सभेच्या आदल्या दिवशी आल्या. वजन केलं, रक्तदाब घेतला. मग कागद काढून म्हणाल्या, "तुम्ही बालवाडीत गेला नव्हता, बरोबर?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघेना. मला सारखं ते गार पाणी आठवत होतं. मी म्हटलं, "एक दिवसाआड गेले होते."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग आईला हाक मारली. आईनं पुन्हा सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून मजेत. बाईंचा चेहरा तू बघायला हवा होतास. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाल्या, "मग मी तुम्हाला कुठल्या बाजूला घालू? गेलेल्यांत की न गेलेल्यांत?"

आई म्हणाली, "मधे घाला."

"मधे रकाना नाही, आजी."

मी विचारलं, आमच्यामुळे बालवाडी बंद होईल का? त्या म्हणाल्या, "दोनशेच्या आसपास मुलं होती. कुठलीही दोन मुलं वजा केली तरी बाकीच्यांचं उत्तर तेच राहतं, ते मी पुन्हा पुन्हा तपासलंय. पण सभेतल्या माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत. जुळ्या बहिणी राहतात."  इतकी शिकलेली बाई, पण उद्या काय बोलायचं हे तिलाही कळत नव्हतं. मला तिची दया आली आणि तिचा राग गेला, एकदमच.

जाता जाता त्यांनी आईला विचारलं, "घरी राहणाऱ्या मुलीबरोबर तुम्ही काय करत होता?" आई म्हणाली, "ताई करायच्या तेच. पोरीला सोडलं की मी थोडा वेळ खिडकीतून बघत उभी राहायची. त्या प्रश्न विचारून थांबायच्या. मीही खोकी चिकटवता चिकटवता विचारायची आणि थांबायची. कामाचा खोळंबा व्हायचा, पण पोरगी बोलायची." बाईंनी टोपण काढलं आणि लिहायला लागल्या ते अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सभेला आई म्हणाली, मीही येणार. गुडघा बांधला आणि निघाली. तुझे भाऊजी म्हणाले होते, मागच्या रांगेत बसा आणि बोलू नका. सभागृह मोठं, पंखे जोरात, नगरसेवक अर्धेच. मोजणीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मी इतकी वर्षं दोन जुळ्या बहिणींचं उदाहरण देत होते. ते चुकीचं होतं." आणि सगळं सांगितलं. लोक हसले. एक जाडजूड सभासद म्हणाला, "म्हणजे काय, अर्धीच बालवाडी मिळूनही दोघींचं चांगलं झालं! मग पूर्ण कशाला हवी? जागा मोकळी करा."

आई उठली. मी तिचा पदर ओढला, पण ती उठलीच.

"मी त्यांची आई," म्हणाली. "जागा एक होती आणि पोरी दोन. तुम्ही जागा वाढवली नाहीत, म्हणून मला पोरी वाटून घ्याव्या लागल्या. मला खिडकी सापडली, मी बघून शिकले. ज्यांना खिडकीशी उभं राहायला वेळ नव्हता त्यांच्या पोरांचं काय, ते ह्या बाईंच्या कागदात आहे. ते वाचा."

तो म्हणाला, "आजी, ही तर फसवणूक झाली."

"झाली असेल," आई म्हणाली. "पण माझ्या पोरींची खुर्ची एक दिवस रिकामी राहिली नाही. इथं बघा किती रिकाम्या आहेत."

हसण्याचा असा काही आवाज झाला की सभापतींना टेबल वाजवावं लागलं. पण निर्णय काही झाला नाही. पुढच्या सभेत बघू म्हणाले. आपण वाचवली की बुडवली, मला अजून कळलेलं नाही.

आता माझं. तू लिहिलंस, तुझं काहीतरी कुणी उचलून नेलं. माझंही नेलं. मला मिळालं नाही, ही माझी एक खुंटी होती. शाळा सुटली ती तिथं टांगली, पाहुण्यांत बोलता येत नाही ते तिथं टांगलं, सगळंच. आता खुंटीच नाही आणि हातात एवढे कपडे.

शाळा खरं तर बाबा अंथरुणाला खिळले म्हणून सुटली. हे तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं, तरी आपण बालवाडीचं नाव घेत राहिलो. कामाला लागले त्या दिवशी म्हाताऱ्या मालकांनी माझ्यापुढे मिसळलेल्या काचांचं ताट ठेवलं आणि म्हणाले, लाव बघू. मी घाई केली नाही. एकेक उजेडात धरली, शंका आली तिथं विचारलं. ते म्हणाले, "ही शिकेल." तो कारखाना आज माझा आहे. ते बघणं, थांबणं, विचारणं मी कुठून आणलं? ताईंकडून? खोक्यातून? की ते माझंच होतं? मोजणीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, वेगळं काढता येत नाही.

माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही.

घुमी


१६ मे

प्रिय भिंगरीस आशीर्वाद.

घुमी कारखान्यात गेली आहे, तोवर लिहिते. अक्षर वाकडं आहे, समजून घे. तू तिला फोन करून अर्धा तास नुसती रडलीस आणि तीही रडली, हे मला आतून ऐकू आलं. दोघींनी रडून झाल्यावर भाज्यांचे भाव विचारले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बालवाडी बंद होणार नाही. काल मोजणीच्या बाई येऊन सांगून गेल्या. मागची खोली मोडक्या कपाटांनी भरली होती ती रिकामी करून तिथं आणखी पोरं घेणार. तो जाडा सभासद शेवटपर्यंत नाहीच म्हणाला. त्या बाई आता दर आठवड्याला येतात. म्हणतात, चाळीस वर्षं आम्ही पोरांना मोजलं, आयांना विचारायचं राहिलं. मी म्हटलं, विचारा, मला कुठं जायचंय.

तुम्ही दोघी एकमेकींना विचारत बसलात, बालवाडीत कोण जास्त गेलं, कुणाला काय मिळालं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

तुम्ही झालात तेव्हा मी लहान होते. पहिली तीन वर्षं मला काही आठवत नाही. एक रडली की दुसरी रडायची. एकीला पाजलं की दुसरीला. मी आई नव्हते, पहारेकरी होते. लोक म्हणायचे, किती गोड जोडी. मला वाटायचं, कधी मोठ्या होतात.

मग ती बालवाडी आली. पहिल्या दिवशी तुला सोडून मी घरी आले तर घरात एवढी शांतता की मला भीती वाटली. घुमी रडून रडून थकली होती, ती येऊन माझ्या पायाला टेकून बसली. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या कानामागे तीळ आहे हे मला तीन वर्षांनी कळलं. मग वाटलं, भिंगरीचंही काही असेल, जे मी बघितलं नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तुलाही घरी ठेवायला लागले. तुम्ही समजता, घुमीला बालवाडी मिळावी म्हणून मी अदलाबदल केली. तेही होतं. पण मला तू हवी होतीस. एकटी.

तू बोलताना उजवा पाय हलवतेस. खोटं बोललीस की आधी पाणी मागतेस. राजाचे पाय केवढे म्हटलं की तू खिडकीएवढे म्हणायचीस आणि घुमी म्हणायची, आधी बूट बघू दे. हे मला त्या दोन वर्षांत कळलं. त्याआधी तुम्ही मला नुसत्या पोरी होतात. त्यानंतर तू झालीस आणि ती झाली.

कुणाला किती फायदा झाला ते बाईंच्या कागदात लिहिलेलं असेल. माझा त्यात कुठं नाही.

आता मुद्द्याचं. पुढच्या रविवारी ये. नवऱ्याला आणि लेकाला घरी ठेव. घुमी आणि तिचा नवरा त्या दिवशी त्याच्या बहिणीकडे जाणार आहेत, मीच जायला सांगितलंय. तुझं म्हणणं तू पत्रात लिहितेस, फोनवर बोलतेस, पण मला वाटतं तू कुणाला सांगितलेलं नाहीस असं अजून काहीतरी आहे. सकाळच्या बसनं ये. मी दार उघडं ठेवते.

तुझी आई